आत्तीची राखोळी

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीच्या पुढे शाळा झाली नाही, नंतर पेन हातात आला तो सहीपुरताच. ऱ्हस्वदीर्घ जिथे चुकलं असेल तिथे वाचणाऱ्याने मनातल्या मनात नीट करून घ्यावं. तसं कुणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. ऋतुजा, माझी मुलगी, कॉलेजला गेली की खोलीत मी एकटी असते. हळदीच्या गोदामात सध्या काम कमी आहे. म्हणून बसले.

परवा ऋतुजाचं सुतक फिटलं. तिची आजी गेली, वडूजच्या पलीकडे त्यांच्या गावात. परीक्षा होती म्हणून माती झाल्यावर ऋतुजा सांगलीला परत आली. आम्ही दोघी एका खोलीत राहतो, एका तव्यावरची भाकरी खातो, पण सुतक तिला होतं आणि मला नव्हतं. घरमालकीणबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मग देवाला फूल वाहायचं का नाही तुमच्यात?" मी म्हणाले, मुलीने वाहायचं नाही, मी वाहिलं तर चालतं. त्यांना ते कळलं नाही. मला नीट सांगता आलं नाही. गेल्या त्या माझ्या सासूबाई होत्या, पण कोर्टाच्या कागदानंतर त्या माझ्या कुणी राहिल्या नव्हत्या.

आमच्याकडे सासूला आत्ती म्हणतात. घटस्फोट झाल्यावर काय म्हणायचं हे मला कुणी सांगितलं नाही, म्हणून मी आत्तीच म्हणत राहिले. त्यांनी मात्र माझं नाव टाकलं. आधी मंगल म्हणायच्या, नंतर सांगलीकरीण म्हणायला लागल्या. "ए सांगलीकरणी, ऊन लागतंय पोरीला, हिकडं सरक." असं.

उंच आणि काटक बाई. लुगडं गुडघ्याच्या जरा खालीच, पायात टायरच्या तळाच्या चपला, आणि खांद्यावर घोंगडी. वैशाखातसुद्धा घोंगडी. कुणी हसलं तर म्हणायच्या, "हिच्यावर बसता येतं, झोपता येतं, मेल्यावर गुंडाळता येतं. तुज्या पर्शीत काय हाय?" त्यांचं सगळं आयुष्य मेंढरांमागे चालण्यात गेलेलं. चालताना पाठीमागे बघायची सवय नव्हती. मागचं आपोआप मागून येतं असं त्यांना वाटायचं, मेंढरू असो, पोर असो.

आमचं का मोडलं ते इथे लिहीत नाही. ऋतुजाचे वडील फौजेत. त्यांना मी पसंत नव्हते आणि मला ते कधी कळलेच नाहीत. दोघांच्या संमतीने झालं. ऋतुजा तेव्हा पहिलीत जायची होती. मी सांगलीला भावाकडे परत आले होते, आणि तिथे माझ्या एकटीच्या अंथरुणाला जागा काढायची तर भावजय भांडी आपटायची. वकिलांनी विचारलं, पोरीला काय खायला घालणार? म्हणून ताबा वडिलांकडे लिहिला गेला, म्हणजे खरं तर आत्तींकडे, कारण वडील कायम लांब. आणि मला भेट मिळाली. दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच, विट्याच्या एसटी स्टँडवर. विटा यासाठी की ते सांगलीहून आणि वडूजहून सारखंच लांब. मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत.

कोर्टाबाहेर लिंबाखाली वकिलांनी हे सगळं वाचून दाखवलं. मी ऐकत नव्हते, रडत होते. आत्तींना अक्षरओळख नव्हती. त्यांनी वकिलांना ते तीनदा वाचायला लावलं आणि तिसऱ्यांदा झाल्यावर म्हणाल्या, "म्हंजी राखुळीच की वो ही."

"काय?" वकील शहरातले होते.

"राखुळी. मेंढरू हिचं, चारायचं मी. म्हैन्यातनं दोनदा दाखवायचं."

"तसं नसतं आजी. ताबा म्हणजे..."

"आसंल तुमचं कायबी. मला कळलं."

तिकडच्या माणदेशी गावांत ज्याला आपली मेंढरं सांभाळणं जमत नाही तो ती दुसऱ्याच्या कळपात सांभाळायला देतो. त्याला राखोळी म्हणतात. राखणारा मेंढरू वर्षभर फिरवतो, पण मालक तो मालकच. मालक आला की मेंढरू त्याच्यापुढे उभं करायचं, पाय, दात, अंगावरचा ओरखडा सगळं दाखवायचं. मेंढरू मेलं तर त्याचा कान आणून दाखवायचा, म्हणजे विकून खाल्लं नाही हे मालकाला पटतं. राखोळी संपली की राखणाऱ्याला काहीतरी द्यायचं, एखादं कोकरू नाहीतर धान्य. मला हे सगळं माहीत होतं. तरी त्या दिवशी मला त्यांचा संताप आला. माझी पोर म्हणजे मेंढरू?

पहिल्या शनिवारी मी दहालाच विट्याला पोचले. वडूजची गाडी आली, आत्ती उतरल्या, मागून ऋतुजा. मी धावले तर ती त्यांच्या लुगड्यात शिरली. आत्तींनी तिला दंडाला धरून माझ्यापुढे उभं केलं.

"बघून घ्ये. ह्यो गुडगा फुटलाय, शाळंत पडली. खालचा दात गेलाय, तो आपनहून गेला, आमी न्हाई पाडला. नखं काडल्याती. उवा हायेत, त्ये मी नाकबूल करत न्हाई. बघितलंस?"

"बघितलं."

"नीट बघ. पाचला मीबी बघून घेनार."

मग त्या लांबच्या बाकड्यावर गेल्या, घोंगडी पसरली आणि आमच्याकडे पाठ करून बसल्या. पाच वाजेपर्यंत तशाच. पाणी प्यायला उठल्या तेवढंच. मला वाटलं, माझं तोंडसुद्धा बघायचं नाही यांना. पाच वाजता आल्या, ऋतुजाला उभं केलं, कोपर बघितलं, गाल बघितले. "डोळं का लाल हायेत?" म्हणाल्या. मी म्हणाले, रडली. "का?" ऋतुजानेच सांगितलं, "त्या बाई रडल्या म्हणून."

त्या बाई. ती मला कशानेच हाक मारत नव्हती. नुसतं "ओ" म्हणायची. "ओ, मला रस पाहिजे." माझी सगळी भीती तेवढीच होती. स्टँडवर महिन्यातून दोनदा भेटणाऱ्या बाईला पोर आई कशी म्हणेल? काही वर्षांनी अठरा होईल, कागद संपेल, आणि ती कुठल्यातरी गाडीत बसून निघून जाईल. मी तिला खाऊ नेत होते, रिबिनी नेत होते. ती घ्यायची, आणि दर थोड्या वेळाने त्या लांबच्या बाकड्याकडे बघायची. तिथे नुसती पाठ असायची.

आत्तींचं बोलणं टोचून असायचं. गोदामात हळद निवडून माझे हात कायमचे पिवळे झाले होते, कितीही घासले तरी जायचं नाही. ते बघून एकदा म्हणाल्या, "लगीन मोडलं, पर हात काय पांडरं झालं न्हाईत गं तुजं." शेजारी बसलेल्या बायका हसल्या. मी हात पदरात घेतले. पुढच्या खेपेला त्यांनी कागदात बांधून मूठभर शिकेकाई आणली आणि माझ्या पिशवीत टाकली. तिने काय हळद जात नाही. पण मी ती बरेच दिवस वापरली.

कुणी त्यांच्यापुढे शहाणपण केलं की त्या म्हणायच्या, "कागदात हाय का?" कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून बोलला, "कागदात हाय का?" ऋतुजा अजून थोडा वेळ थांबू या म्हणाली, "कागदात पाच हाय." एकदा मी पावणेबाराला पोचले, तासगावजवळ गाडी बंद पडली होती. त्या उन्हात पोरीला घेऊन उभ्या. मला वाटलं आता ऐकावं लागणार. संध्याकाळी पाच वाजले तरी त्या उठेनात. वडूजची गाडी लागली, भरली, गेली. पावणेसहाला उठल्या. "तुजं पाऊन तास ऱ्हायलं हुतं," म्हणाल्या.

ऋतुजा तिसरीत असताना एका शनिवारी ती डोक्याला स्कार्फ बांधून उतरली. अंगातला फ्रॉक लोंबत होता. दोन भेटींच्या मधल्या दिवसांत तिला टायफॉइड होऊन गेला होता आणि मला सांगायला आत्तींकडे फोन नव्हता. मी स्कार्फ काढला तर डोकं मोकळं. कमरेला टेकणारी वेणी होती तिची. मी काही विचारायच्या आत आत्तींनी कनवटीचं एक फडकं सोडलं. आत ती वेणी होती, दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधलेली.

"तापात गुता झाला. डाक्टर म्हनला कापा. मी कापलं. केसावर भांडी देनारी आली हुती दारात, स्टीलचं पातेलं देत हुती. न्हाई दिलं. मोजून घ्ये, समदं हायेत."

म्हणजे मेंढराचा कान आणतात तसं त्यांनी ते आणलं होतं. मी वेणी हातात धरून बसले. त्या तशाच उभ्या होत्या. पहिल्यांदाच त्या मला थोड्या वाकलेल्या दिसल्या. मी म्हणाले, "आत्ती, रात्रभर तुम्हीच जागला असाल." तर म्हणाल्या, "मग कोन जागनार, तू?" आणि आपल्या बाकड्यावर गेल्या.

पाचवीची परीक्षा झाली तेव्हा ऋतुजाचे वडील तिला सुट्टीत आपल्या नोकरीच्या ठिकाणी घेऊन गेले. त्यांनी दुसरं लग्न केलं होतं, तिथे क्वार्टर मिळालं होतं. मला हे कळायला मार्गच नव्हता. मी नेहमीसारखी विट्याला गेले. वडूजच्या गाडीतून आत्ती एकट्या उतरल्या. मी त्यांच्या मागे गाडीच्या दाराकडे बघत राहिले.

"मेली न्हाई पोर, आसं बघू नगंस," त्या म्हणाल्या. "बापानं न्हेलीया. जूनला यील."

"मग तुम्ही कशाला आला एवढ्या लांब?"

"आज शनवार न्हाई व्हय?"

त्या दिवशी मात्र त्या लांब बसल्या नाहीत. माझ्याच बाकड्यावर घोंगडी टाकली. अकरापासून पाचपर्यंत आम्ही दोघी बसलो. हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं आणलं होतं त्यांनी डब्यात, ऋतुजाला आवडतं म्हणून सवयीने केलेलं. आम्ही ते खाल्लं. चौकशीच्या खिडकीतले साहेब आम्हाला ओळखायला लागले होते, ते ओरडून म्हणाले, "आजी, आज नात कुठाय? नुसतंच फिरायला आलाय का?"

"वहिवाट राखाया आले सायेब."

"कसली वहिवाट?"

आत्तींनी मग मला समजावलं, मी अडाणी असल्यासारखं. मेंढरं जायची वाट दुसऱ्याच्या रानातून असते. एक साल त्या वाटेने मेंढरं गेली नाहीत तर रानवाला तिथे नांगर घालतो आणि म्हणतो, इथे वाट नव्हतीच. मग कुणाचं काही चालत नाही. म्हणून मेंढरं नसली तरी धनगराने आपण एकट्याने ती वाट चालून यायची. "कागदाचंबी तसंच," त्या म्हणाल्या. "येक शनवार मोडला की कोर्ट म्हननार, भेट नव्हतीच. मग तू बसशील बोंबलत."

कोर्टाचं तसं नसतं. हे मला नंतर वकिलांनी सांगितलं, मुलगी सुट्टीत बाहेर गेली म्हणून हक्क बुडत नाही. पण त्या दिवशी मीही ते खरंच धरलं. आणि त्या सबंध सुट्टीत, दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, त्या उन्हातान्हाच्या एकट्या येत राहिल्या. माझा हक्क बुडू नये म्हणून. त्यांचा स्वतःचा त्यात काय फायदा होता? माझी वाट बुजली असती तर पोर कायमची त्यांचीच होती.

त्यातल्याच एका शनिवारी मी धीर करून विचारलं, "आत्ती, तुम्ही आमच्याकडे पाठ करून का बसता?"

"मी दिसले तर ती माज्याकडं बघून बघून तुज्याशी बोलंल. मेंढरू राखनाऱ्याच्या तोंडाकडं बघतं. म्हनून." मग घोंगडी सारखी करत म्हणाल्या, "पाठीला लय कळ लागती त्या बाकड्यावर."

त्या सुट्टीच्या शेवटी ऋतुजाच्या वडिलांनी ठरवलं की मुलीला परत पाठवायचंच नाही. तिकडे चांगली शाळा होती. त्यांचं काही चुकलं असं मी आता म्हणत नाही. त्यांनी गावातल्या दुकानात फोन करून आत्तींना बोलावून घेतलं आणि सांगितलं. तिकडे शेजारी उभी राहून ऋतुजा दोघांचं ऐकत होती, तिनेच पुढे मला हे सांगितलं.

"पोर दुसऱ्या शनवारी विट्यात पायजे," आत्ती म्हणाल्या.

"आई, तुला काय कळतं? इथं इंग्रजी शाळा हाय. तुज्याकडं शेणात लोळतीय ती."

"लोळू दी. दुसऱ्या कळपात घालायची तर मालकिनीला इचार."

"कोण मालकीण?"

"जिनं पोटातनं काडली ती. आन् आयक, पोर आली न्हाई तर मी सोता कोर्टात हुबी ऱ्हाईन. म्हनीन, माज्या लेकानं कागद मोडला, घाला त्याला आत."

"सख्ख्या लेकाला?"

"मग काय भाड्यानं आनू लेक?"

हे सगळं मला माहीत नव्हतं. आधीच्या शनिवारी आत्तींकडून मला एवढंच कळलं होतं की पोर कदाचित येणार नाही. जूनच्या त्या शनिवारी मी स्टँडवर बसले होते आणि प्रत्येक गाडीला उठत होते. वडूजची गाडी आली. आधी आत्ती उतरल्या, नेहमीसारख्या मागे न बघता. मग कुणीच उतरेना. मग एक गोणी आली, मग एक म्हातारा, आणि मग ऋतुजा, उंच झालेली, पाठीला नवीन दप्तर. ती सरळ माझ्याकडे आली. एका पुड्यात आंब्याची वडी होती.

"आई, हे तुझ्यासाठी आणलं."

ती इतकं सहज म्हणाली की मला वाटलं दुसऱ्या कुणाला म्हणाली. मी तिला विचारलं, तिकडे करमलं का? तर म्हणाली, "तिथं सगळे विचारायचे, तुझी आई कुठं असते. मी सांगायचे, माझी आई विट्याच्या स्टँडवर असते." आत्ती तोवर बाकड्यावर जाऊन पाठ फिरवून बसल्या होत्या.

वर्षं गेली. मी भावाकडून निघून वेगळी खोली घेतली. बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं आणि पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना फुकट. आधारकार्डावर आत्तींचं वय खऱ्यापेक्षा जास्त पडलं होतं, त्यामुळे त्या लवकरच फुकटात आल्या. कंडक्टरने कार्ड बघून वर बघितलं की म्हणायच्या, "सरकारला मी म्हातारी लवकर पायजे हुते. बस आता घ्यून."

ऋतुजा अकरावीत असताना मला दिसलं की आत्ती फलाटावर गाडीची पाटी न बघता ड्रायव्हरला विचारतात. भाकरीचा डबा समोर असून हाताने चाचपतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. लेक म्हणत होता, रजा मिळाली की फौजेच्या दवाखान्यात नेतो. रजा मिळत नव्हती. फुकटच्या योजनेत घालावं तर कार्डावरचं नाव एक आणि रेशनवरचं दुसरं. मी गोदामातल्या भिशीचे पैसे उचलले आणि मिरजेच्या एका दवाखान्यात त्यांना नेलं.

त्या यायला तयार नव्हत्या. "कागदात न्हाई," म्हणाल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. "नसू दे कागदात! गाडीखाली जाल एक दिवस, मग पोरीला कोण आणील विट्याला?" त्यांनी घोंगडी खांद्यावर टाकली आणि आल्या.

ऑपरेशननंतर त्या माझ्या खोलीवर राहिल्या. घरमालकीणबाईंनी विचारलं, "कोण ह्या?" आत्ती पलंगावरून, डोळ्याला हिरवी पट्टी, म्हणाल्या, "मी हिची सासू हुते. आता हिची पाव्हनी हाय. तुमी कोन?" मालकीणबाई गेल्या त्या दोन दिवस आल्या नाहीत. रात्री मी खाली झोपायचे, त्या वर. त्यांना झोप यायची नाही. अंधारात म्हणायच्या, "हितं कुत्रं भुकत न्हाई गं. कसं झोपतीस?" सून होते तेव्हा आम्ही एवढ्या जवळ कधी झोपलो नव्हतो. पट्टी निघाली त्या दिवशी त्यांनी माझं तोंड बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "पिकलीस की गं."

दवाखान्याला किती पैसे लागले ते त्यांनी मला विचारून घेतलं आणि लक्षात ठेवलं. तेव्हापासून दर भेटीला थोडे थोडे द्यायला लागल्या, लोकर विकली की, कोकरू विकलं की. मी नको म्हणाले तर ऐकायच्या नाहीत.

ऋतुजा अठरा वर्षांची झाली. तिला कुणी काही सांगायचं उरलं नव्हतं, कुठे राहायचं ते तिचं तिने ठरवायचं. तिने सांगलीचं कॉलेज धरलं आणि माझ्याकडे राहायचं म्हणाली. शेवटच्या शनिवारी आत्ती तिला विट्याला घेऊन आल्या, बरोबर पत्र्याची ट्रंक. ती आता आजीपेक्षा उंच होती. आत्तींनी तिला माझ्यापुढे उभं केलं, हात धरला, पण दाखवायला काही सुचलं नाही त्यांना. "बघून घ्ये," एवढंच म्हणाल्या.

मला वाटलं, आता काहीतरी द्यायला हवं. एवढ्या वर्षांची राखोळी, आणि मी त्यांना कधी काही दिलं नव्हतं. मी हळूच म्हणाले, "आत्ती, ते दवाखान्याचे राहिलेले पैसे आता देऊ नका. राखोळीचे समजा."

त्या एवढ्या चिडलेल्या मी कधी बघितल्या नव्हत्या. "काय म्हनलीस? राखुळी? मला? नातीची राखुळी घ्यू व्हय मी? लोकाचं मेंढरू हुतं व्हय गं ते?" सगळा स्टँड आमच्याकडे बघायला लागला. "आजवर मी मेंढरू मेंढरू म्हनले ते तुज्यासाठी म्हनले. तुजं हाय ते तुला कळावं म्हनून. मला ठावं न्हवतं व्हय ती कोन हाय माजी?"

त्या गाडीत जाऊन बसल्या. ऋतुजा खिडकीखाली उभी राहून "आजी, आजी" करत होती. त्यांनी खिडकीतून हात खाली करून तिच्या डोक्यावर ठेवला तो गाडी हलेपर्यंत काढला नाही.

मला वाटलं, संपलं. तरी पुढच्या दुसऱ्या शनिवारी मी विट्याला गेले. कागद संपला होता, ऋतुजा कॉलेजला होती, मला तिथे काहीच काम नव्हतं. आत्ती आल्या होत्या. "पैसं द्याया आले," म्हणाल्या. मग आम्ही तशाच भेटत राहिलो. त्या थोडे पैसे द्यायच्या, ऋतुजाचं विचारायच्या, मी सांगायचे. कधी ती बरोबर असायची, बहुतेक वेळा नसायची. घरात आता बोलायला कुणी नाही, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. पण मेंढरांची नावं सांगत बसायच्या, कोण लंगडतंय, कोण व्यालं. मी सारखं म्हणायचे, "एवढे देऊ नका, कमी कमी द्या. घाई काय आहे?" घाई खरंच नव्हती. जेवढे पैसे राहिले होते तेवढे शनिवार राहिले होते.

शेवटच्या खेपेला त्या वाळल्या होत्या. घोंगडी खांद्यावरून सारखी घसरत होती. रुमालाची गाठ सोडली तर नोटा नेहमीपेक्षा जास्त.

"एवढे कुठून?"

"मेंढरं घातली इकून. गुडगं चालंनात. कुनामागं चालायचं आता?"

"आत्ती, निम्मे ठेवा. पुढच्या शनिवारी द्या."

"फुडच्या शनवारी काय हाय?"

त्यांनी एकेक नोट माझ्या पिवळ्या हातावर ठेवली, नव्या डोळ्यांनी नीट बघून. वडूजच्या गाडीचा ड्रायव्हर चढला होता. त्यांनी माझी मूठ मिटवली आणि तशीच दाबून धरली.

"फिटलं म्हन."

मी गाडीकडे बघितलं.

"म्हन की गं मंगल. गाडी सुटंल माजी."

"फिटलं, आत्ती."

त्या चढल्या. आतल्या बाजूला बसल्या की काय, मला दिसल्या नाहीत. गाडी मायणीच्या रस्त्याला लागेपर्यंत मी तिथेच होते. मग बाकड्यावर बसून नोटा मोजल्या. एकही कमी नव्हती.